वेळूचा ऑर्गन

ऑर्गन हा शब्द महाराष्ट्रांतील रसिकांना परका नाहीं. संगीत नाटकाच्या रंगमंचापुढें, तबल्याच्या आणि सारंगीच्या सोबतीनें, ज्या वाद्यानें नांदीपासून भरतवाक्यापर्यंत नटांच्या गळ्याला आधार दिला, तें पायांनीं भाता चालवून वाजविण्याचें वाद्य आपण ऑर्गन या नांवानेंच ओळखतों. परंतु युरोपांतील चर्चमध्यें ज्याला ऑर्गन म्हणतात तें वाद्य याहून फार निराळें आहे. नाटकांतील ऑर्गनमध्यें वाऱ्याच्या झोतानें पितळेच्या पातळ जिभा थरथरतात आणि त्या सगळ्या एका पेटींत मावतात. चर्चमधील ऑर्गनमध्यें प्रत्येक स्वराला स्वतःची स्वतंत्र नळी असते. इतकेंच नव्हे, तर एकच स्वर कधीं मृदु, कधीं गंभीर, कधीं तुतारीसारखा तेजस्वी निघावा म्हणून त्या एका स्वरासाठींहि निरनिराळ्या नळ्या ठेवाव्या लागतात. त्यामुळें नळ्यांची संख्या शेंकड्यांनीं, कित्येकदां हजारांनीं मोजावी लागते, आणि वाद्य एखाद्या लहानशा घराएवढें होऊन बसतें.

या अवाढव्य वाद्याचें मूलतत्त्व मात्र आपल्या गुराख्याच्या अलगुजाचेंच आहे. अलगुजाच्या तोंडाशीं एक अरुंद फट असते. तिच्यांतून गेलेली फुंकर समोरच्या धारदार कडेवर आपटते आणि नळींतील हवेचा स्तंभ कंप पावूं लागतो. ऑर्गनच्या बहुतेक नळ्या अशाच वाजतात. फरक एवढाच, कीं येथें माणसाच्या मुखाऐवजीं भाता फुंकर घालतो आणि बोटांनीं भोकें झांकण्याऐवजीं प्रत्येक स्वरासाठीं वेगळ्या लांबीची नळी उभी असते. दोन्ही टोकांना उघडी अशी ८ फूट लांबीची नळी जो स्वर देईल, त्याच्याच वरच्या सप्तकांतील स्वर ४ फुटी नळी देते. लांबी निम्मी झाली कीं स्वर दुप्पट उंच होतो. या साध्या नियमावर सगळ्या वाद्याची रचना उभी आहे.

ऑर्गनचा उगम चर्चमध्यें झालेला नाहीं. इसवी सनापूर्वीं तिसऱ्या शतकांत अलेक्झांड्रिया नगरींतील क्तेसिबियस नांवाच्या यंत्रज्ञानें पाण्याच्या दाबानें वारा स्थिर राखून नळ्या वाजविण्याची युक्ति काढली, ती या वाद्याची पहिली नोंद. रोमन लोकांनीं तें वाद्य आपल्या क्रीडांगणांत वाजविलें. पुढें इ. स. ७५७ मध्यें बायझंटाइन सम्राट् पांचवा कॉन्स्टंटाइन यानें फ्रँकांचा राजा पेपिन याला एक ऑर्गन नजराणा म्हणून पाठविला, आणि पश्चिम युरोपांत या वाद्याचा पुन्हां प्रवेश झाला. राजदरबारांतून तें चर्चमध्यें गेलें आणि तेथेंच स्थिरावलें. स्पेनच्या दर्यावर्द्यांबरोबर व धर्मोपदेशकांबरोबर तें प्रथम अमेरिका खंडांत आणि नंतर, १५६५ पासून स्पॅनिश सत्ता जेथें रुजूं लागली त्या फिलिपाइन बेटांत जाऊन पोंचलें. या बेटांतील एका ऑर्गनची ही कथा आहे. जगांतील बाकीच्या ऑर्गनहून त्याचें वेगळेपण एका गोष्टींत आहे. त्याच्या बहुतेक नळ्या धातूच्या नाहींत, लांकडाच्याहि नाहींत. त्या वेळूच्या आहेत.

मनिला शहराच्या दक्षिणेस, समुद्राच्या कांठीं, लास पिन्यास नांवाचें गांव आहे. आज तें मनिल्याच्या विस्तारांत मिसळून गेलें असून १९९७ पासून त्याला शहराचा दर्जा आहे. परंतु अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथें मासेमारी करणाऱ्या आणि मीठ पिकविणाऱ्या लोकांची साधी वस्ती होती. १७९५ सालीं या गांवाला पहिला कायमचा धर्मगुरु मिळाला. त्यांचें नांव दिएगो सेरा. स्पेनमधील आरागॉन प्रांतांत ग्राउस या गांवीं १७६२ सालीं त्यांचा जन्म झाला होता आणि ते ऑगस्टिनियन रेकोलेक्ट या संघाचे साधु होते. पूजापाठ आणि प्रवचन एवढ्यावर समाधान मानणारा हा मनुष्य नव्हता. गांवासाठीं रस्ते व पूल बांधावे, लोकांना नवे उद्योग शिकवावे, आणि स्वतःच्या हातानें वाद्यें घडवावीं, असा त्यांचा कामाचा व्याप होता. लास पिन्यासचें दगडी चर्च १७९७ मध्यें बांधावयास घेतलें, तें १८१९ मध्यें पुरें झालें. ऑर्गन बांधण्याची विद्या त्यांना चांगली अवगत होती. मनिल्यांतहि त्यांच्या हातचे ऑर्गन उभे राहिले होते. म्हणून लास पिन्यासच्या चर्चसाठीं त्यांनीं वेळू निवडला तो अडाणीपणामुळें नव्हे. धातूच्या व लांकडाच्या नळ्या कशा करतात हें पुरतें ठाऊक असलेल्या कारागिरानें ती निवड केली होती.

त्या काळची परिस्थिति लक्षांत घेतली म्हणजे या निवडीचें मर्म कळूं लागतें. ऑर्गनच्या नळ्यांसाठीं कथील आणि शिसें यांचा मिश्र धातु लागतो. फिलिपाइन बेटांचा स्पॅनिश जगाशीं व्यापार अडीचशें वर्षें मेक्सिकोच्या आकापुल्को बंदरांतून ये-जा करणाऱ्या मोठ्या गलबतांवर चालला होता. त्या गलबतांची शेवटची फेरी १८१५ सालीं झाली. मेक्सिकोंत स्वातंत्र्याचें युद्ध पेटलें होतें. अशा वेळीं एका गरीब गांवाच्या चर्चसाठीं हजार नळ्यांचा धातु जमविणें सोपें नव्हतें. गांवाच्या भोंवतीं मात्र वेळूचीं बेटें होतीं. घरें वेळूचीं, कुंपणें वेळूचीं, पाणी वाहण्याच्या नळ्या वेळूच्या. ज्या वस्तूशीं गांवकऱ्यांच्या हातांचा जन्माचा परिचय होता, तीच वस्तु सेरा यांनीं ईश्वराच्या स्तुतीसाठीं उचलली.

वेळूचा एक मोठा शत्रु आहे, आणि कोंकणांतील कोणत्याहि शेतकऱ्याला तो ठाऊक आहे. तो म्हणजे भुंगा. वेळूच्या गाभ्यांतील पिठूळ सत्त्वाला भुलून तो आंत शिरतो आणि बाहेरून धडधाकट दिसणारी काठी आंतून भुगा करून टाकतो. म्हणूनच आपल्याकडे वेळू अंधाऱ्या पंधरवड्यांत तोडावा, वाहत्या पाण्यांत कुजवून मग वापरावा, असे संकेत पिढ्यान्‌पिढ्या पाळले जातात. सेरा यांनीं हेंच केलें, पण आपल्या समुद्रकांठाला अनुसरून. १८१६ सालीं वेळू तोडून त्यांनीं ते किनाऱ्यावरील वाळूंत पुरले आणि कांहीं महिने तसेच राहूं दिले. वाळूंतून काढल्यावर जे किडले, कुजले ते टाकून दिले. या परीक्षेंतून जे अभंग निघाले तेवढेच वेळू नळ्यांसाठीं घेतले. दोनशें वर्षांनंतरहि त्यांतून सूर निघतो, याचें पहिलें श्रेय या दमदार तयारीला आहे.

खरा कस पुढें होता. धातूचा पत्रा कारागीर हव्या त्या व्यासाला गुंडाळूं शकतो. वेळू मात्र निसर्गानें जेवढा जाड केला तेवढाच असतो. नळीची लांबी आणि तिचा व्यास यांचें प्रमाण बिघडलें कीं तिचा आवाज एक तर घोगरा होतो किंवा किरटा. बासरी करणारा कारागीर एका बासरीसाठीं वेळूच्या ढिगांतून योग्य पोकळीचें एक कांडें निवडतो; सेरा यांना अशीं शेंकडों कांडीं निवडावयाचीं होतीं आणि तीं एका ओळींत, जाडीनें क्रमाक्रमानें उतरत जाणारीं असावयास हवीं होतीं. लांब नळ्यांमध्यें मधलीं पेरें आंतून फोडून पोकळी सलग करावी लागे. प्रत्येक नळीला तोंड कापावयाचें, त्याची कड तासावयाची, मग फुंकून सूर पाहावयाचा आणि केसभर तासून पुन्हां पाहावयाचा. १८२१ च्या सुमारास वाद्य वाजूं लागलें, परंतु अजून तें अपुरें होतें.

अपुरेपणाचें कारण स्पॅनिश ऑर्गनच्या स्वभावांत सांपडतें. स्पॅनिश ऑर्गनचा सर्वांत मोठा अलंकार म्हणजे त्याच्या दर्शनी भागांतून आडव्या बाहेर आलेल्या तुताऱ्या. या तुताऱ्यांमध्यें धातूची पातळ जीभ थरथरते आणि तिचा आवाज शंकूच्या आकाराची, पुढें रुंदावत जाणारी नळी मोठा करून श्रोत्यांकडे फेंकते. वेळू हा शंकू नव्हे. तो सरळ नळा आहे. त्याच्यापासून बासरीचा मृदु स्वर काढतां येतो, तुतारीचा तेजस्वी घोष निघत नाहीं. सेरा यांनीं हट्ट केला नाहीं. या नळ्या त्यांनीं धातूच्याच करावयाच्या ठरविल्या, त्यासाठीं आणखी तीन वर्षें घालविलीं आणि १८२४ सालीं ऑर्गन पूर्ण झाला. एकूण १०३१ नळ्या. त्यांपैकीं ९०२ वेळूच्या आणि १२९ धातूच्या. पहिला वेळू तुटल्यापासून आठ वर्षें लोटलीं होतीं. यानंतर आठ वर्षांनीं, १८३२ मध्यें, सेरा यांचें निधन झालें.

श्रोत्यांनीं या वाद्याचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. चर्चच्या प्रवेशद्वारावरील सज्जांत सुमारें ५ मीटर उंच आणि ४ मीटरांहून अधिक रुंद असा लांकडी देव्हारा उभा आहे. त्यांत पिवळसर तपकिरी वेळूच्या नळ्या ओळीनें उभ्या आहेत आणि त्यांच्या मधून धातूच्या तुताऱ्या आडव्या पुढें आल्या आहेत. वादकापुढें पट्ट्यांची एकच ओळ आहे, आणि तिच्या दोन्ही बाजूंस नळ्यांचे निरनिराळे संच चालू किंवा बंद करण्याच्या खुंट्या आहेत. डाव्या हाताच्या खुंट्या खालच्या स्वरांसाठीं, उजव्या हाताच्या वरच्या स्वरांसाठीं. या विभागणीमुळें एकाच पट्टीवर वादक डाव्या हातानें बासऱ्यांचा संथ आधार देऊन उजव्या हातानें तुतारीवर मुख्य चाल वाजवूं शकतो. जणूं दोन वादक दोन वाद्यें वाजवीत आहेत. दोन गमतीच्या खुंट्याहि आहेत. एक ओढली कीं पाखरांचा किलबिलाट ऐकूं येतो. लहानग्या नळ्यांचीं टोकें पाण्यांत बुडविलेलीं असतात, त्यांतून हवा बुडबुडत जातांना तो उमटतो. दुसरी ओढली कीं ढोल वाजल्याचा भास होतो. लांकूड, धातु, वेळू, वारा आणि पाणी यांचा हा संसार एका लहान गांवाच्या चर्चमध्यें नांदूं लागला.

पण ज्या भूमीनें वेळू दिला ती भूमि शांत नव्हती. फिलिपाइन बेटें भूकंपाच्या आणि तुफानांच्या वाटेवर आहेत. एकोणिसाव्या शतकांत लास पिन्यासच्या चर्चला कित्येकदां तडाखे बसले. त्यांतहि १८८० सालच्या जुलै महिन्यांत लुझोन बेटावर झालेला भूकंप आणि त्यानंतरचीं वादळें यांनीं वाद्याची दुर्दशा केली. छप्पर फुटलें कीं पाणी नळ्यांवर पडतें, ओल धरते, चामड्याचे भाते कुजतात, लांकडी पेटी फुगून तडकते आणि वारा नको त्या ठिकाणीं निसटूं लागतो. नळ्या उतरवून आडोशाला ठेवण्याची पाळी आली. ऑर्गनसारखें वाद्य मोडतें तें एका घावानें मोडत नाहीं. तें एकेका सुरानें मुकें होत जातें. आधीं चार नळ्या गप्प होतात, मग एक संच वापरणें सोडून द्यावें लागतें, आणि शेवटीं वाद्य उभें असतें, पण त्याला वाजविणारा कोणी उरत नाहीं.

राजकीय उलथापालथीहि याच काळांतल्या. १८९६ सालीं फिलिपिनो जनतेनें स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठाव केला. लास पिन्यासच्या सीमेवरून वाहणाऱ्या सापोते नदीच्या पुलावर १८९७ मध्यें स्पॅनिश सैन्याशीं आणि १८९९ मध्यें अमेरिकन सैन्याशीं लढाया झाल्या. १८९८ च्या तहानें स्पेननें बेटें अमेरिकेच्या स्वाधीन केलीं आणि स्पॅनिश धर्मगुरूंची जागा हळूहळू इतर देशांचे धर्मगुरु घेऊं लागले. लास पिन्यास येथें बेल्जियन मिशनरी आले. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत त्यांच्या प्रयत्नानें ऑर्गनची तुकड्यातुकड्यानें दुरुस्ती झाली. ती अपुरी होती. वाद्याचा एखादा भाग वाजे, बाकीचा गप्प राही. तरी तिचें महत्त्व लहान नाहीं. एखादी वस्तु पूर्ण बरी करण्याचें सामर्थ्य नसतां ती फेंकून न देणें, हीहि एक सेवाच आहे. आणि पुढच्या पिढीला पुनरुद्धार करतां आला तो याच सेवेमुळें.

१९४५ च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत मनिल्यासाठीं झालेल्या लढाईनें या सेवेची किंमत दाखवून दिली. शहराचा जुना तटबंदीचा भाग, इंट्रामुरोस, जवळजवळ पूर्णपणें उद्ध्वस्त झाला. तेथील जुन्या चर्चपैकीं सान आगुस्तीन हें एकटें उभें राहिलें. रेकोलेक्ट संघाचें, म्हणजे सेरा यांच्याच संघाचें, मोठें चर्चहि नष्ट झालें. राजधानींतील भव्य, श्रीमंत मंदिरें आणि त्यांतील वाद्यें राखेंत गेलीं, आणि बाहेरच्या मीठ पिकविणाऱ्या गांवांतील वेळूचा ऑर्गन, रोगट व अर्धमुका का होईना, वांचला. सेरा यांच्या कलेचा एक मोठा साक्षीदार म्हणून आतां त्याच्याकडेच पाहावयाचें होतें.

साक्षीदार तर राहिला. पण त्याला वाचा कशी द्यावयाची? जुन्या वाद्याच्या जीर्णोद्धारांत नेहमीं दोन वाटा पुढें येतात. एक वाट सोपी व आकर्षक असते. जुनी पेटी काढून नवी बसवावी, विजेचीं यंत्रें जोडावीं, फुटक्या वेळूऐवजीं धातूच्या नळ्या घालाव्या, पट्ट्यांची दुसरी ओळ वाढवावी आणि सर्व प्रकारचें संगीत वाजेल असें वाद्य तयार करावें. तसें केलें असतें तर लास पिन्यासला एक मध्यम प्रतीचा नवा ऑर्गन मिळाला असता आणि जगांतून एक अद्वितीय ऑर्गन नाहींसा झाला असता. दुसरी वाट कठीण. मूळ कारागिराच्या मनांत काय होतें तें त्याच्याच कामावरून वाचून काढावयाचें, जें वांचण्यासारखें आहे तें सगळें वांचवावयाचें, आणि नवा भाग घालावाच लागला तर तो जुन्याच्या जातीचा घालावयाचा. या वाटेनें जाणाऱ्या कारागिराला स्वतःची हौस बाजूला ठेवावी लागते.

दुसरी वाट पत्करण्यांत आली. १९७२ सालीं फिलिपाइन सरकार आणि लास पिन्यासचे नागरिक यांनीं मिळून हें काम जर्मनींतील बॉन शहरच्या योहानेस क्लाइस या कारखान्याकडे सोंपविलें. १८८२ पासून ऑर्गन बांधणारें हें घराणें. त्या वेळीं त्याची धुरा हान्स गेर्ड क्लाइस यांच्याकडे होती. १९७३ मध्यें ऑर्गन सुटा करून परदेशीं रवाना झाला. तेथें एक विलक्षण अडचण होती. उष्ण व दमट हवेंत दीडशें वर्षें राहिलेलें लांकूड आणि वेळू ऱ्हाइन नदीच्या कांठच्या थंडींत व शेकोटीच्या कोरड्या हवेंत ठेवले तर आकसून तडकणार. शिवाय तेथें नीट जुळविलेली पेटी घरीं परत येतांच फुगून बिघडणार. म्हणून बॉन येथें एक खास खोली तयार करण्यांत आली आणि तींत फिलिपाइन बेटांसारखी ऊब व ओल कृत्रिम रीतीनें राखण्यांत आली. बाहेर जर्मनीचा हिंवाळा आणि आंत मनिल्याचा उन्हाळा अशा स्थितींत कारागीर काम करीत. वैद्यानें रोग्याला आपल्या घरीं आणावें, पण रोग्याचें हवापाणी न बदलावें, तसाच हा प्रकार.

ऑर्गन दूर देशीं असतांना त्याच्या घराचीहि डागडुजी चालली होती. फ्रान्सिस्को मन्योसा व लुडविग आल्वारेझ या वास्तुशिल्पज्ञांनीं लास पिन्यासचें चर्च पुन्हां एकोणिसाव्या शतकांतील रूपांत आणण्याचें काम केलें. हें केवळ शोभेसाठीं नव्हतें. ऑर्गन हा ज्या वास्तूंत वाजतो ती वास्तु त्याच्या आवाजाचा अर्धा भाग असते. दगडी भिंती, छताची उंची, सज्जाची जागा यांवर त्याचा नाद अवलंबून असतो. तंबोऱ्याला जसा भोपळा, तसें ऑर्गनला चर्च. वाद्य जुनें करावयाचें आणि भोंवतालची वास्तु मात्र बदललेलीच ठेवावयाची, तर तो जीर्णोद्धार अर्धवटच राहिला असता.

१९७५ च्या मार्च महिन्यांत ऑर्गन घरीं परतला. मुलाबाळांसह सारें गांव त्याच्या स्वागताला लोटलें. नळ्या पुन्हां चढविल्या, सूर लावले, आणि ९ मे १९७५ या दिवशीं जर्मनींतील ट्रियर येथील कॅथीड्रलचे ऑर्गनवादक वोल्फगांग एम्स यांनीं त्यावर पहिला जलसा केला. सेरा यांनीं १८२४ मध्यें हातावेगळें केलेलें वाद्य दीडशें वर्षांनंतर पुन्हां पूर्ण कंठानें गाऊं लागलें.

पुष्कळशा जीर्णोद्धारांची कथा येथें संपते. उद्‌घाटन होतें, भाषणें होतात, हार घातले जातात, आणि दहा वर्षांनीं तीच वस्तु पुन्हां त्याच दशेला येते. वेळूच्या ऑर्गनच्या बाबतींतहि तसें होणें अगदीं शक्य होतें. उष्ण हवेंत चामडें लवकर झिजतें, वेळूला सतत नजर लागते, सूर ऋतुमानाप्रमाणें हलतात. प्रत्येक वेळीं वाद्य मोडून युरोपला पाठविणें कोणत्याहि गांवाच्या ऐपतीबाहेरचें. बॉनच्या कारागिरांनीं वाद्य बरें केलें होतें. वाद्याची विद्या मात्र बॉनमध्येंच होती. सेरा यांच्याबरोबर जी कला लास पिन्यासमधून लोप पावली होती, ती नुसत्या नळ्या परत आल्यानें परत येणार नव्हती.

ही उणीव लास पिन्यासनें ओळखली, हें या कथेंतील सर्वांत महत्त्वाचें प्रकरण होय. पहिली गोष्ट, वाद्य कांचेआड ठेवलें नाहीं. तें वाजतें ठेवलें. १९७६ पासून दर वर्षीं तेथें वेळूच्या ऑर्गनचा आंतरराष्ट्रीय संगीतोत्सव भरतो. निरनिराळ्या देशांचे वादक येतात आणि गांवचीं मुलें गायकवृंदांत गातात. ज्या वाद्याभोंवतीं आपण लहानपणीं गाइलों, त्याची काळजी मोठेपणीं आपोआप घेतली जाते. दुसरी गोष्ट अधिक दूरदृष्टीची. सेआल्विन टागले आणि एडगर मोन्तियानो या फिलिपिनो तरुणांनीं जर्मनी व ऑस्ट्रिया येथील कारागिरांच्या हाताखालीं ऑर्गन बांधण्याची विद्या शिकून घेतली. नळीचें तोंड कसें कापावें, चामडें कसें बसवावें, वाऱ्याची पेटी कोठें गळते तें कसें ओळखावें, हें पुस्तकांतून येत नाहीं. उस्तादापाशीं बसूनच तें हातांत उतरतें. परत आल्यावर १९९४ सालीं लास पिन्यास येथेंच एक कारखाना निघाला, आणि त्याला नांव देण्यांत आलें दिएगो सेरा यांचें.

या शिक्षणाची परीक्षा लवकरच झाली. बॉनच्या दुरुस्तीला जवळजवळ तीस वर्षें होत आलीं आणि ऑर्गनला पुन्हां एकदां मुळापासून सफाई व दुरुस्ती हवी झाली. २००३ व २००४ या वर्षीं हें काम झालें. पण या खेपेस ऑर्गन आगबोटींत चढला नाहीं. तें काम लास पिन्यासच्या कारखान्यांत, लास पिन्यासच्या कारागिरांनीं केलें. तेथें कृत्रिम उन्हाळ्याची खोली लागली नाहीं. बाहेरची हवा हीच वाद्याची हवा होती. याच सुमारास, २००३ च्या नोव्हेंबरांत, फिलिपाइन सरकारनें या ऑर्गनला राष्ट्रीय सांस्कृतिक ठेव्याचा मान दिला. पुढें याच कारखान्याच्या कारागिरांनीं बोहोल बेटावरील जुन्या चर्चमधील मुके झालेले ऑर्गनहि दुरुस्त केले. एका वाद्याच्या निमित्तानें शिकलेली विद्या अशी शेजारच्या गांवांपर्यंत पोंचली.

वेळूचे ऑर्गन इतरत्रहि झाले. शांघाय येथील जेसुइट पाद्र्यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वेळूच्या नळ्यांचा एक ऑर्गन उभारला होता. त्याची आठवण ग्रंथांत आहे, नाद मात्र उरलेला नाहीं. तेव्हां लास पिन्यासचा ऑर्गन टिकला तो केवळ वेळू चिवट होता म्हणून टिकला, असें म्हणतां येणार नाहीं. सेरा यांनीं वाळूंत पुरून पारखलेला वेळू, बेल्जियन धर्मगुरूंची ठिगळें जोडण्याची चिकाटी, बॉनच्या कारागिरांचा संयम आणि लास पिन्यासच्या तरुणांचें शिक्षण या चार गोष्टी एकीला एक जोडल्या गेल्या. यांतली कोणतीहि एक नसती तरी आज त्या सज्जांत सूर ऐकूं आला नसता.

आपल्याकडे जीर्णोद्धार हा शब्द फार जुना आहे, आणि देवळाचा कळस पुन्हां चढला म्हणजे जीर्णोद्धार झाला असें आपण समजतों. वेळूच्या ऑर्गनचा इतिहास या शब्दाचा अर्थ थोडा पुढें नेतो. वस्तु दुरुस्त होणें हा जीर्णोद्धाराचा पहिला अर्धा भाग. ती दुरुस्त करण्याची विद्या त्याच गांवांत पुन्हां नांदूं लागणें हा दुसरा. पहिला भाग पैशानें आणि परक्यांच्या कौशल्यानेंहि होऊं शकतो. दुसऱ्यासाठीं कोणा तरी दोन तरुणांना कित्येक वर्षें घराबाहेर राहून, मान खालीं घालून, शिकावें लागतें. जुन्या किल्ल्यांची, देवळांची, वाड्यांची आणि वाद्यांची चिंता वाहणाऱ्या प्रत्येक समाजानें आपल्या कामाचा हिशेब करतांना किती कळस चढले हें तर मोजावेंच. पण ते पुन्हां ढळले तर चढविणारे हात गांवांत किती आहेत, हेंहि विचारावें. लास पिन्यासमध्यें या दुसऱ्या प्रश्नाला आज उत्तर आहे, आणि म्हणूनच तेथल्या वेळूंतून वारा अजून स्वर होऊन बाहेर पडतो.